केसांचे रंगढंग – लेखांक 7 : घडीच्या कागदातली बाई

आज निळीची पाळी होती. ती भिजवायची कधी, तिच्यात लिंबू का पिळायचं नाही, हे सगळं सांगायचं मी कबूल केलं होतं, आणि दोघी-तिघींनी पुड्या आणूनसुद्धा ठेवल्या आहेत असं कळतं. राहू द्या आठवडाभर तशाच. डबा कोरडा असला की झालं. मधेच सांगलीहून एक पत्र आलं आणि माझा सगळा आठवडा त्या पत्राने खाल्ला.

बाई विचारतात, ‘मेंदीचा रंग नारिंगीच, असं तुम्ही गेल्या वेळी ठणकावून सांगितलंत. मग मी आठ वर्षं लावतेय ती काळी मेंदी कोणती? पुडीवर पानाफुलांचं चित्र आहे, वर ‘नैसर्गिक’ लिहिलंय. अर्ध्या तासात केस काळेभोर होतात. गेल्या दोन खेपांना मात्र कानामागे खाज सुटली. आता मेंदीही बाधायला लागली का?’ सोबत रिकामी पुडी जोडली होती, आतल्या घडीच्या कागदासकट. अशा वाचकांवर माझा फार जीव आहे.

मी भिंग काढलं. (दुकानातही नेतो. आमचा वाणी मला आता अन्नभेसळवाला समजत नाही, नुसताच विक्षिप्त समजतो.) पुढच्या बाजूला बोटभर अक्षरांत मेंदी, आवळा, माका, शिकेकाई. मागे, शिवणीच्या दुमडीत मुंगीएवढ्या अक्षरांत बेरियम पेरॉक्साइड आणि पॅरा-फेनिलीनडायमीन. या दुसऱ्या बाईंना सगळे पीपीडी म्हणतात. पुडीतलं काळं काम त्या करतात. मेंदी बिचारी शोभेला.

मेंदीचं द्रव्य, लॉसोन, केसातल्या केराटिनला जाऊन चिकटतं आणि नारिंगी-तांबूस छटा देतं. कितीही वेळ ठेवा, त्याचं काळं होत नाही. पीपीडीची रीत निराळी. तिचे कण मुळात बिनरंगी आणि इतके बारीक, की केसाच्या आत शिरतात. पुडीत पाणी पडलं की पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो, त्याच्याशी गाठ पडून ते कण एकमेकांत गुंफले जातात, मोठे होतात, काळे होतात आणि आतच अडकून पडतात. म्हणून तो रंग धुतला तरी जात नाही. रसायन म्हणून हे सुंदर आहे, मला ते मान्य करायलाच हवं. पण गुंफण पूर्ण व्हायच्या आधी जे कण कातडीत शिरतात, ते तिथे भांडण लावतात.

‘पण आमची आजी लोखंडी कढईत मेंदी भिजवायची, ती काळी व्हायची की!’ हे पत्र यायच्या आतच उत्तर देतो. व्हायची. चहाच्या पाण्यातलं आणि आवळकाठीतलं टॅनिन लोखंडाशी मिळालं की काळपट होतं. हिरडा आणि हिराकस यांची शाई होते ती याच न्यायाने. त्याने मेंदीची नारिंगी छटा तपकिरीकडे झुकते. पिकलेलं डोकं अर्ध्या तासात काळंभोर मात्र त्याने होत नाही.

आता खाजेकडे वळू. आठ वर्षं काही झालं नाही, मग आताच का? या वावड्याचा स्वभावच तसा आहे. शरीर आधी या द्रव्याची ओळख करून घेतं. कुणाचं पहिल्या दोन वेळांत, कुणाचं विसाव्या वेळी. एकदा ओळख पटली की सहसा जन्मभर विसरत नाही, आणि पुढे दर वेळी भडका वाढत जातो. शिवाय हा भडका लगेच उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठतो. माझ्या मावशीचे डोळे एकदा सुजून मिटले, तर घरच्यांनी दोष दिला आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भरताला. पुढे सहा महिने त्या घरात वांगं शिजलं नाही. कलप परवा लावला होता, हे कुणाला आठवलंच नाही. आणि लावला होता डोक्याला, सुजल्या पापण्या. डोक्याची कातडी जाड, ती सोसते. पापण्या, कान आणि मान यांची कातडी नाजूक, ती आधी बोलते.

पापण्यांवरून मी त्या घडीच्या कागदाकडे आलो, आणि खरं सांगायचं तर आजचा लेखांक त्याच्यासाठीच आहे. पीपीडी असलेल्या कलपावर आपल्या नियमांनुसार एक इशारा छापावा लागतो. आधी थोडासा लावून चाचणी घ्या, आणि भुवयांना-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. तो मी लहानपणी वडिलांच्या कलपाच्या खोक्यात वाचला आणि चरकलो होतो. केसांच्या रंगात अंधत्व कुठून आलं? आणि पापण्यांना कलप लावतं कोण?

लावला होता. अमेरिकेत, 1933 च्या सुमारास. ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या-भुवयांचा रंग तिकडच्या सौंदर्यगृहांत चालायचा, आणि त्यात हेच कुळ होतं. ओहायो राज्यातल्या डेटन शहरात एक गृहिणी समारंभासाठी नटायला गेली, पापण्या रंगवून आली आणि दृष्टी गमावून बसली. इतरही बायकांना इजा झाली, एक तर दगावली. गंमत, म्हणजे दुःखाची गंमत, अशी की तिथल्या अन्न-औषध खात्याला तो रंग दुकानातून उचलताही येईना. 1906 च्या त्यांच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच! मग खात्यातल्या लोकांनी अशा मालाचं एक प्रदर्शन मांडलं, आणि त्यात त्या गृहिणीचे दोन फोटो लावले, आधीचा आणि नंतरचा. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही ते पाहिलं. तरी कायदा पाच वर्षं रखडला. 1937 मध्ये सल्फानिलामाइडच्या एका औषधाने 100 हून अधिक माणसं गेली, तेव्हा कुठे 1938 मध्ये नवा कायदा आला.

आणि त्या कायद्यात कलपवाल्यांनी पळवाट मिळवली. डांबरापासून काढलेले केसांचे रंग बंदीतून वगळले गेले, अट एवढीच, की डब्यावर इशारा छापायचा आणि चाचणीची कृती द्यायची. पापण्यांच्या रंगाला ती सवलत नाही. आपल्या नियमांतला इशारा त्या अमेरिकन मजकुराशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतो. सांगलीच्या पुडीतल्या त्या घडीत डेटनची ती बाई बसलेली आहे, आणि आपण घडी न उलगडताच कचऱ्यात टाकतो.

खोक्यावरच्या दोन बढायांबद्दल घाईघाईने सांगतो. ‘अमोनिया नाही’ म्हणजे वास कमी. वावड्याशी त्याचा संबंध नाही, अमोनियाच्या जागी बहुधा इथेनॉलअमीन असतं. ‘पीपीडी नाही’ लिहिलं असेल तर भिंगाने टोल्युइन-डायअमीन शोधा. ती चुलतबहीण आहे, आणि जिला पीपीडी बाधते तिला पुष्कळदा हीसुद्धा बाधते.

बाईंना मी कळवलं की ही पुडी पुन्हा लावू नका. ‘चाचणी घेऊन बघते’ असंही नको, कानामागची खाज हीच चाचणी झाली. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, पुडी सोबत न्या, त्यांच्याकडे पाठीवर पट्ट्या लावून तपासायची सोय असते. बाकीच्यांनी पुडी ओळखायची तर गुंतवळ वापरा. कंगव्यात निघालेले पांढरे केस वाटीत घ्या, हातमोजा घालून वर भिजवलेली पूड थापा, अर्ध्या तासाने धुवा. नारिंगी झाले तर पुडीत मेंदी आहे. काळेभोर झाले तर घडीचा कागद उघडा आणि वाचा. भुरभुरून कातडीवर डाग बघायचा उद्योग करू नका.

त्यांचं उलट पत्र कालच आलं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पण पुतण्याचं लग्न पंचवीस दिवसांवर आलंय आणि जाऊबाईंसमोर नारिंगी डोकं घेऊन त्या अजिबात उभ्या राहणार नाहीत. मेंदीवर नीळ चढवली तर चालेल का, तेवढं डॉक्टरांनाही विचारा म्हटलं, आणि इकडे पुढच्या आठवड्यात नीळ. नक्की. तोवर गुंतवळ टाकू नका, तिलाही लागणारच आहे.