स्वेटर पुस्तकाच्या नव्हे, बाळाच्या मापाचा

थंडी सुरू झाली की दुपारची कामं आटोपून आम्ही बाया उन्हात विणायला बसतो. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या घरी सव्वादोन किलोची नात जन्मली. आम्ही पुस्तकात बघून ‘नवजात बाळाचा’ स्वेटर विणला. घालून पाहिला तर बाह्या बोटांखाली लोंबत होत्या आणि गळ्यातून वारा आत शिरत होता. चूक आमचीच. अडीच किलोच्या आतलं बाळ अंगानं लहान असतं आणि त्यालाच थंडी लवकर बाधते.

आता आम्ही आधी टेप घेतो. काखेखालून छातीचा घेर मोजायचा, त्यात ५ सेंमी ढिलाई धरायची. खांद्यापासून मनगटापर्यंत बाही मोजायची. मग त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर १० सेंमीपेक्षा थोडा मोठा चौकोन विणायचा आणि न ताणता १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजायचं.

समजा, पुस्तकात १०० टाके सांगितलेत, १० सेंमीला २५ या हिशेबानं. म्हणजे घेर ४० सेंमी. आपला हात सैल असेल आणि १० सेंमीला २०च टाके बसत असतील, तर तेच १०० टाके ५० सेंमी होतात! आमच्या बाळाची छाती ३० सेंमी होती. ढिलाई धरून ३५ सेंमी, म्हणजे ७० टाके. बटणपट्टीचे टाके वेगळे. बाही लांब होत असेल तर काखेखालच्या सरळ भागातल्या ओळी कमी कराव्यात, मुंडा तसाच ठेवावा.

स्वेटर पुढून उघडणारा असावा. गळ्याला नाडी, गोंडे नकोत. बटणं घट्ट शिवावीत, कारण सुटलेलं बटण बाळाच्या तोंडात जातं. फार केसाळ लोकर घेऊ नये. आत सुती झबलं हवंच. स्वस्त लोकर बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. ती पेटली तर वितळून कातडीला चिकटते, म्हणून बाळाला शेगडीजवळ शेकत बसू नका.

ऊब पुरते का, हे हात लावून कळतं. पोट कोमट पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. झबलं काढून त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या, अंगावर पाजा. पोट आणि तळपाय दोन्ही गार असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल पडलं असेल, तर तसंच छातीशी धरून लगेच दवाखाना गाठा. मान घामेजली असेल तर एक कपडा कमी करा. झोपलेल्या बाळाचं तोंड कधी झाकू नका.

तो पहिला स्वेटर आम्ही उसवला आणि ७० टाक्यांवर पुन्हा विणला. तो नीट बसला. उरलेल्या लोकरीत पायमोजेही झाले.