वसईचा निवांतपणा

रविवारीं सकाळीं मुंबईहून विरारकडे येणाऱ्या गाडींतून पुष्कळ कुटुंबें वसई रोड स्थानकावर उतरतात. मुलें व फराळाचे डबे बरोबर घेऊन तीं किल्ल्याच्या वाटेस लागतात आणि सायंकाळीं विसावलेल्या मनानें परत जातात. आपण ज्या गांवांत रोज वावरतों, तें पाहण्यासाठीं लोकांनीं इतकी यातायात करावी, याचें आपल्या विद्यार्थ्यांस नवल वाटतें. "सर, त्या पडक्या भिंतींत पाहावयाचें तें काय?" असें एकानें वर्गांत विचारलें. तासाची घंटा होण्यापूर्वीं पुरतें उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देत आहें.

इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें तहान्वयें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्या मुलुखांत मुंबईचीं बेटेंहि होतीं. पुढें वसई हें पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचें मुख्य ठाणें झालें. येथें गलबतें बांधलीं जात, आणि येथला घडीव दगड गोव्यापर्यंत जाई. मुंबई मात्र इ. स. १६६१ च्या विवाहकरारानें इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली. ज्या वसईच्या हुकमतींत एके काळीं मुंबई होती, त्याच वसईस मुंबईकर आज गर्दीस कंटाळून विसाव्यासाठीं येतात, ही काळाची करणी होय.

किल्ल्यास जमिनीकडील व समुद्राकडील असे दोन मुख्य दरवाजे आहेत. आंत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन संघांच्या मठांचे व चर्चांचे अवशेष आहेत. संत जोसेफाच्या चर्चचा मनोरा दुरून नजरेस पडतो. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनींत थडग्यांचे कोरीव दगड अजून दिसतात. जवळच नागेश्वराचें देऊळ आहे.

या वैभवास उतरती कळा कशी लागली? इ. स. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी व वसई प्रांतांत मोहीम उघडली. इ. स. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या सैन्यानें किल्ल्यास वेढा घालून तटाखालीं सुरुंग उडविले. हजारों माणसें पडलीं, आणि मे महिन्यांत पोर्तुगीजांनीं किल्ला स्वाधीन केला. तहाप्रमाणें त्यांस निघून जाण्याची मोकळीक मिळाली. इ. स. १८०२ च्या अखेरच्या दिवशीं दुसऱ्या बाजीरावानें येथेंच इंग्रजांशीं तह करून पेशवाईचें स्वातंत्र्य घालविलें. पुढें व्यापार व राज्यकारभार मुंबईस एकवटला. इ. स. १८६० नंतर झालेला लोहमार्गहि किल्ल्यापासून कांहीं मैल पूर्वेकडून गेला. याप्रमाणें सत्तेनें, व्यापारानें व आगगाडीनें वळसा घातल्यामुळें जुनें गांव बाजूस राहिलें. आज पाहुणे ज्या निवांतपणाची स्तुति करितात, त्याचें मूळ हें आहे.

किल्ला पाहतांना विद्यार्थ्यांत दोन तट पडतात, हें मीं सहलींत पाहिलें आहे. एकास चिमाजी अप्पांच्या विजयाचा अभिमान वाटतो. दुसरा भग्न वेदीपुढें मुका उभा राहतो. पोर्तुगीजांच्या अमलांत येथलीं देवळें पाडलीं गेलीं, हें आम्हां ख्रिस्ती लोकांनीं लपवूं नये. तसेंच, पोर्तुगीज गेले तरी येथला ख्रिस्ती शेतकरी व कोळी कोठेंहि गेला नाहीं, तो याच मातीचा होता, हें त्याच्या शेजाऱ्यांनीं विसरूं नये. येथल्या चर्चांच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. त्यांतील एक वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर देवळापाशीं टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हें साल व बाळ येशूसह मरियेची आकृति आहे. ती आकृति तेथील लोकांनीं खरडून टाकिली नाहीं, हें मला मोठें बोधप्रद वाटतें.

किल्ला पाहावयास जाणारांनीं थंडीचे दिवस निवडावे, पाणी जवळ ठेवावें व पडक्या भिंतींवर चढूं नये. परततांना वाड्यांतील वाट धरावी. केळी, नागवेली, मोगरा व बावखलें यांचा गारवा अनुभवावा. हें सुख सदैव राहील असें मात्र नाहीं. इ. स. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली, वस्ती वाढली, आणि कित्येक बावखलें बुजलीं.

किल्ला सरकारनें संरक्षिलेला आहे, तरी भिंतींवर नांवें कोरलेलीं दिसतात. लहानपणीं मींहि तेथें कोळशानें माझें नांव लिहिलें होतें. वडील रागावले नाहींत. पुढल्या रविवारीं मिस्सेनंतर पाण्याची बादली व फडकें देऊन त्यांनीं तें मजकडून पुसविलें. "दगड आपला आहे रे, पण तुझ्या एकट्याचा नव्हे," एवढेंच ते म्हणाले.

पालकांस विनंति कीं, मुंबईचे पाहुणे येण्याची वाट न पाहतां त्यांनीं एखाद्या रविवारीं आपल्या मुलांस किल्ल्यांत न्यावें, आणि दोन्हीं बाजूंची हकीकत सांगावी. ज्यास आपल्या गांवाची गोष्ट ठाऊक आहे, तोच त्याचा निवांतपणा राखील.