काठावरचा रिपोर्ट

लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, म्हणजे ड्युओडेनममधून, दुर्बिणीने काढलेला तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. फॉर्मेलिनच्या बाटलीतून तो पॅथॉलॉजीच्या टेबलावर येतो, तेव्हा चिमट्यात धरून त्याची वरची बाजू कोणती हे आधी शोधावं लागतं. मग मेणाच्या ठोकळ्यात तो नीट उभा बसवायचा, चार-पाच मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे. अस्तरावरचे अंकुर, म्हणजे डॉक्टरांचे व्हिलाय, काचेवर मुळापासून टोकापर्यंत दिसायला हवेत. ठोकळ्यात तुकडा कलला की गडबड होते. भेंडी आडवी चिरली की चकत्या हाती येतात. भेंडी केवढी लांब होती हे चकतीवरून कळत नाही. तिरक्या कापात धडधाकट अंकुरही खुजे दिसतात. मग रिपोर्टात ‘अंकुर काहीसे आखूड, लक्षणांशी ताडून पाहावे’ अशा अर्थाचं वाक्य येतं.

रुग्णाची फरफट सुरू होते ती या वाक्यापासून.

सीलिॲकच्या संशयावरून असा तुकडा काढतात. या आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. लोक त्याला ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणतात. ती ॲलर्जी नव्हे. ठळक केस असली की निदान सोपं असतं. मुलांमध्ये टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी मर्यादेच्या दहापट वा त्याहून जास्त आली आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए प्रतिपिंडंही सापडली, तर युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार तुकडा काढण्याचीही गरज नसते. पण आकडा मर्यादेच्या जरासा वर असेल तर? किंवा रक्त एक सांगतंय आणि तुकडा दुसरंच?

चांगला पोटविकारतज्ज्ञ अशा वेळी नवी तपासणी लिहिण्याआधी जुनी कशी झाली ते विचारतो. एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या प्रतिपिंडांचं प्रमाण, मोजलं होतं का? काहींच्या शरीरात ते जन्मतःच फार कमी असतं, आणि मग आयजीएवर बेतलेली टीटीजी खोटी निगेटिव्ह येते. तुकडे किती घेतले? हा आजार आतड्यात ठिकठिकाणी विखुरलेला असू शकतो. म्हणून ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घ्यावेत, असा दंडक आहे. घाईत दोनच घेतले, तर रोग नेमका न काढलेल्या जागी असू शकतो.

गोळ्यांची पिशवीही टेबलावर मागवली जाते. मायकल मार्श यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या आतड्याच्या नुकसानीच्या श्रेणींत पहिली पायरी अशी : अंकुर शाबूत, पण त्यांच्या आवरणात लिम्फोसाइट्सची गर्दी, दर शंभर पेशींमागे साधारण २५ हून अधिक. एवढ्यावर सीलिॲकचा शिक्का मारणं धाडसाचं. हेलिकोबॅक्टर पायलोरी, जिआर्डिया, गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, यांनीही तेच चित्र उमटतं. रक्तदाबावरच्या ओल्मेसार्टानने तर क्वचित अंकुर पार सपाट झालेले आढळले आहेत.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र ताटाचा : रक्त दिलं तेव्हा गहू चालू होता का? पोट फुगतं म्हणताच शेजारीपाजारी ‘गहू सोडून बघ’ सुचवतात. मराठी घरात ते फारसं अवघडही नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, तांदूळ, नाचणी घरातच असतात. बरं वाटतं, आणि काही महिन्यांनी माणूस तपासणीला जातो. तोवर प्रतिपिंडं उतरलेली असतात, आतडंही सावरू लागलेलं असतं. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि त्याचा अर्थ काहीच नसतो. बरं वाटलं हाही पुरावा नव्हे, कारण सीलिॲक नसलेल्या कित्येकांनाही गहू सोडल्यावर हलकं वाटतं.

मग उपाय उलटा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गहू पुन्हा सुरू करायचा. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेचं मार्गदर्शन रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन, किमान सहा आठवडे, असं सांगतं. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं, तेव्हा मात्रा आवाक्यातली; त्रास मात्र सोसावा लागतो. कुणी ठाम नकार देतं, आणि तो नकार समजण्याजोगा आहे.

अशा वेळी एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकतपासणी कामी येते. दोन्ही नसली तर सीलिॲक जवळपास निकालात निघतो; असली तर फार काही सिद्ध होत नाही. २०१६ च्या एका भारतीय अभ्यासात ही जनुकं उत्तरेत सुमारे ३८ टक्के आणि दक्षिणेत ३६ टक्के लोकांत आढळली. सीलिॲकची प्रतिपिंडं मात्र उत्तरेत १.२३ टक्के, दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत. गव्हाचं रोजचं सरासरी सेवन उत्तरेत ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५.

एवढं करूनही काहींचं उत्तर ‘आत्ता नक्की नाही’ असंच राहतं. प्रतिपिंडं आहेत, अंकुर शाबूत आहेत आणि त्रास नाही, अशांचा गहू अनेकदा चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं जातं. आणि निदान पक्कं झालंच, तर आईवडील, भावंडं, मुलं यांनाही तपासणीला बोलावतात. रक्त देईपर्यंत त्यांनी पोळी सोडायची नसते. ही सूचना चिठ्ठीवर लिहून दिलेली बरी.