कंपायलरची रुजुवात

जीसीसी या मुक्त कंपायलरची नवी बांधणी लासूर स्टेशनसारख्या गावी, घरच्या एका संगणकावर, कोणाच्याही परवानगीवाचून करता येते, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. परंतु बांधणी निर्वेध पार पडली म्हणजे कंपायलर विश्वासास पात्र ठरला असे नव्हे, आणि म्हणून खरे काम ‘मेक चेक’ हा तपासणीचा हुकूम सोडल्यावरच सुरू होते.

त्याकरिता चाचण्या चालवणारे डेजाग्नू आणि त्यास लागणारे टीसीएल व एक्सपेक्ट हा सरंजाम आधी जमवावा लागतो. संपूर्ण तपासणीस तासन्तास लागतात आणि आमच्याकडे विजेची शाश्वती नसते. यास्तव ज्या चाचणीशी आपल्या बदलाचा संबंध, तेवढीच मी प्रथम चालवतो.

अशी एक चाचणी म्हणजे जेमतेम दहा-बारा ओळींचा सी-प्रोग्राम. माथ्यावर ‘डीजी-डू कंपाइल’ अशी आज्ञा, आणि ज्या ओळीत बुद्धिपुरस्सर दोष ठेवलेला असतो तिच्याच शेवटी ‘डीजी-एरर’ व अपेक्षित संदेशाचा नमुना. कंपायलरने नेमक्या त्या ओळीवर तो आक्षेप घेतला तर ‘पास’. मुकाट्याने प्रोग्राम स्वीकारला, अथवा भलत्याच ओळीवर बोट ठेवले, तर ‘फेल’. अशुद्धास नकार देण्याची ही परीक्षा मला सर्वांत मोलाची वाटते, कारण चुकीचा स्वीकार प्रोग्रामरच्या नजरेस सहसा पडतच नाही.

‘टॉर्चर’ विभागात एकच प्रोग्राम ऑप्टिमायझेशनच्या निरनिराळ्या पातळ्यांवर चालवतात. उत्तर चुकले की तो स्वतःच ‘अबॉर्ट’ पुकारतो. येथील कित्येक फाइलींच्या नावांत ‘पीआर’ व तक्रारीचा क्रमांक असतो: जुन्या फिर्यादीची मिसल दप्तरी कायम ठेवावी, तसे कित्येक सुधारलेले दोष येथे जपलेले आहेत. युटा विद्यापीठातील संशोधकांनी सीस्मिथ या साधनाने यादृच्छिक प्रोग्राम रचून निरनिराळ्या सी-कंपायलरांतील 325 हून अधिक अज्ञात दोष उघडकीस आणले. 2011 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगाचे अध्यापन केले. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने रेनेसास कंपनीच्या एसएच व एचएट प्रोसेसरांसाठी जीसीसीवर आधारित साधने तयार केली. असा प्रोसेसर हाताशी नसला, तर डेजाग्नू सिम्युलेटरवर प्रोग्राम चालवून निकाल नोंदवते.

अखेरीस बदलापूर्वीची व बदलानंतरची ‘जीसीसी डॉट सम’ फाइल ताडून पाहावी. मूळचे ‘फेल’ तेथेच राहतील. नव्या ‘फेल’चा जबाब मात्र आपण द्यायचा. ‘एक्सपास’, म्हणजे अपयश अपेक्षित असता लाभलेले यश, दिसले तरी हर्षभराने चाचणीवरील अपेक्षित अपयशाची खूण पुसू नये. ते कोणत्या बदलामुळे लाभले, याचा छडा आधी लावावा.