डॉक्टरांचा आग्रह व त्यामागचा हिशेब

गर्भाशयाच्या मुखावरील पेशी अलगद खरवडून तपासल्या, तर कर्करोगाचीं पूर्वचिन्हें वेळींच दिसतात व उपचार करतां येतो. या तपासणीचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु इंग्लंडांत १९९० सालीं सरकारनें डॉक्टरांशीं नवा करार केला. यादींतील ८० टक्के पात्र स्त्रियांची तपासणी झाल्यास पुरती जादा रक्कम, ५० टक्क्यांस थोडी, त्याखालीं कांहींच नाहीं! लाजेमुळें म्हणा, पूर्वीच्या दुःखद अनुभवामुळें म्हणा, समजून-उमजून नकार देणारी स्त्रीहि उणिवेंतच मोजली जाई. मग हा आग्रह आपल्यासाठीं कीं रकमेसाठीं, असा संशय तिला आल्यास नवल काय? नकार देणारीस हिशेबांतून वगळण्याची मुभा डॉक्टरांना मिळाली ती २००४ च्या करारानें.