निशाणी नांगर, अक्षर कुलकर्ण्याचे

जुन्या महजरांचे, म्हणजे गोतसभेच्या निवाडापत्रांचे, शेवट वाचायची मला फार वर्षांची ओढ आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा खंड हाती आला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाचे एखादे जुने प्रकाशन, तरी तंटा कोणाचा आणि निवाडा काय, हे मी नंतर पाहतो. आधी नजर जाते ती खालच्या साक्षींकडे. गोतसभा बसलेली असते, गावचे वतनदार आणि बलुतेदार हजर असतात, आणि एकेकाच्या नावापुढे त्याची खूण असते. पाटलाच्या नावापुढे नांगर. न्हाव्यापुढे आरसा, सुतारापुढे त्याचे हत्यार. अख्खे गाव असे अवजारांनी सही करते. एकाच माणसाला खुणेची गरज पडत नाही, कारण वरचा सगळा मजकूर त्यानेच लिहिलेला असतो.

तो कुलकर्णी. गावचा पाटील कितीही मानाचा असो, आपल्या नांगराच्या वर काय लिहिले आहे ते त्याला कुलकर्ण्याने वाचून दाखवावे लागे. त्याने दाखवले ते खरे. या आडनावाचा पुढचा सगळा इतिहास, त्याचा मान आणि त्याच्यावरचा राग, नांगर आणि मजकूर यांच्यातल्या त्या अंतरात साठलेला आहे असे मला वाटते.

व्युत्पत्तीत फार गुंतण्याचे कारण नाही. कुळ म्हणजे सारा भरणारे घर. करणी, करणिक म्हणजे हिशेब लिहिणारा. तेलुगू मुलखातला करणम हा त्याचा सख्खा भाऊ. गावाचा लेखनिक तो कुलकर्णी, परगण्याचा तो देशकुलकर्णी किंवा देशपांडे, आणि दक्षिणेकडे ‘नाड’ म्हणजे गावांच्या समूहाचा तो नाडकर्णी. यादवांच्या काळापासून आदिलशाही-निजामशाहीपर्यंत राज्ये बदलली, दरबारची भाषा बदलली, पण गावचे दप्तर त्याच घरात, त्याच रुमालात बांधलेले राहिले. कोणते शेत कोणाच्या नावावर, लावणी किती, वसूल किती, बाकी कोणाकडे, हे नव्या सत्तेला त्याच्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता. मोबदल्यात इनाम जमीन, गावाकडून धान्याचे हक्क, सणासमारंभात पाटलाच्या पाठोपाठचा मान. आणि हे सारे वंशपरंपरेने. वतन वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. भाऊबंदकीत वडीलकी कोणाची यावरून पिढ्यान् पिढ्या तंटे चालत. महादजी शिंद्यांसारखा दिल्लीपर्यंत दबदबा असलेला माणूस स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात धन्यता मानत असे, यावरून वतनाची किंमत कळावी.

मात्र आडनाव म्हणून ‘कुलकर्णी’ हा बराच अलीकडचा रिवाज. जुन्या कागदात माणूस येतो तो स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने, आणि मग ‘कुलकर्णी, मौजे अमुक’ म्हणून. तो हुद्दा होता. घराण्याचे उपनाव वेगळे असू शके. समर्थ रामदास हे जांबच्या सूर्याजीपंतांचे पुत्र. घराण्याचे उपनाव ठोसर आणि घरात कुलकर्णीपण. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांकडे आपेगावचे कुलकर्ण होते असे परंपरा सांगते. रामदासांच्या बाबतीत मला हा धागा विशेष मोलाचा वाटतो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे: अक्षर कसे असावे, ओळी कशा धराव्यात, कागद, शाई, लेखणी कशी सांभाळावी. अध्यात्मग्रंथात हा विषय कसा आला, असा प्रश्न अनेकांना पडतो. दप्तराच्या घरात वाढलेल्या मुलाला तो विषय परका नव्हता, एवढे तरी म्हणता येईल.

इंग्रजी अमदानीत शाळेचे रजिस्टर, कोर्टाचा दावा, नोकरीचा अर्ज यांना ठरावीक आडनाव लागू लागले, तेव्हा असंख्य घरांनी हुद्दाच आडनाव म्हणून सांगितला. त्यामुळे कुलकर्णी हे एका कुळाचे नाव कधीच झाले नाही. देशस्थांत ते सर्वांत जास्त. पण कऱ्हाड्यांत आहे, सारस्वतांत आहे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंत आहे, आणि धारवाडकडे लिंगायत कुलकर्णीही आहेत. गोत्रे वेगळी, कुलदैवते वेगळी. म्हणूनच कुलकर्ण्यांची मुलगी कुलकर्ण्यांच्याच घरी नांदायला जाते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

हे आडनाव नकाशावर कुठे दाट आणि कुठे विरळ, हे पाहिले की जुन्या महसुली व्यवस्थेच्या सीमा वर येतात. मराठवाडा, सोलापूर, नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, तिथून बेळगाव, विजापूर, धारवाड हा दाट पट्टा. भाषेची सीमा त्याला अडवत नाही. उत्तर कर्नाटकात कुलकर्णी गौडाच्या जोडीने गाव चालवत असे, जसा घाटावर पाटलाच्या जोडीने. दक्षिणेला जुन्या म्हैसूरच्या हद्दीत गेलात की त्याच कामाचा माणूस शानभोग होतो, आणि कारवारकडचे शानभाग त्याच नात्यातले. पूर्वेला करणम. वऱ्हाडात पटवारी आणि पांड्या. कोकणात खोताने गावचा बराच कारभार आपल्याकडे ओढलेला, म्हणून चित्पावनांत हे आडनाव कमी. गोव्यात तर १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने गावकऱ्यांच्या चालीरीतींची जी सनद, म्हणजे ‘फोराल’, तयार केली, तिच्यात गावच्या लेखनिकाचे स्थान नोंदलेले आहे. पोर्तुगीज कागदांत तो ‘एस्क्रिव्हांव’ म्हणून येतो, गावकऱ्यांच्या तोंडी कुळकर्णीच.

आता त्या भांडणाकडे येतो, ज्याच्यासाठी मी हा विषय इतकी वर्षे धरून ठेवला.

१८३०च्या दशकात इंदापूरपासून नवी मोजणी सुरू झाली, शेताशेताला सर्व्हे नंबर पडला. गावचा सारा गावाने मिळून भरायची रीत मोडली आणि प्रत्येक कूळ थेट सरकारचे देणेदार झाले. वरवर पाहता यात कुलकर्ण्याचे महत्त्व कमी व्हायला हवे होते. झाले उलट. पूर्वी त्याच्या लिहिण्याला गोताचा धाक होता; आता त्याचा कागद थेट मामलेदाराच्या कचेरीत आणि तिथून दिवाणी कोर्टात चालू लागला. सावकाराचे रोखे, गहाणखते, हप्त्याच्या पावत्या सगळे त्याच्याच हातून, आणि बहुतेक मोडीत. १८७४च्या वतन कायद्याने त्याची वंशपरंपरा इंग्रजी कायद्याच्या चौकटीतही बसवली. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गावोगावच्या कुळकर्ण्यांवर जो आसूड ओढला, तो या परिस्थितीवर होता. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा १९१५चा ‘गावगाडा’ वाचा. महसुलाचा कारभार आतून पाहिलेला तो माणूस, फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला नव्हे; पण कुलकर्णी अडाणी कुळाला कागदात कसा अडकवतो हे त्यालाही दिसत होते.

फुल्यांनंतर हा राग ज्याने खऱ्या अर्थाने गावात नेला, त्याचे नाव आज नगर जिल्ह्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. मुकुंदराव पाटील. ‘दीनबंधु’ काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे हे पुत्र, पाटलांच्या घरात दत्तक गेलेले. १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले, तेही पुण्या-मुंबईतून नव्हे. नगर जिल्ह्यातल्या सोमठाण्याहून आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात, वाचक खेड्यात. १९६७ साली त्यांचे निधन झाले, तोवर अर्धशतकाहून अधिक काळ त्यांची लेखणी या एका पत्राला वाहिलेली होती. मराठी वृत्तपत्रांचे इतिहास या कामाला जेमतेम परिच्छेदभर जागा देतात. मला तो अन्याय वाटतो.

त्यांचे ‘कुळकर्णीलीलामृत’ १९१३चे. लेख लिहून, आकडे देऊन, सरकारला अर्ज करून जे साधले नसते, ते साधण्यासाठी त्यांनी पोथीचे रूप निवडले. ओवीबद्ध रचना, लीलामृताचा थाट. शिवलीलामृत ज्या घरात वाचले जाते, त्या घराच्या कानाला ही चाल सरावाची. वाचता न येणाऱ्यालाही ओवी ऐकता येते, ऐकून पाठ होते, आणि पाठ झालेली ओवी चावडीत बसलेल्या माणसाला तोंडावर ऐकवता येते. कुलकर्ण्याच्या लीला म्हणजे त्याच्या कागदी करामती: नोंद फिरवणे, पावती न देणे, दोन शेजाऱ्यांत कज्जा लावून दोघांकडून घेणे. ज्याच्या हाती फक्त लिहिण्याचे बळ, त्याला लिहूनच पकडायचे, आणि तेही त्याच्याच धर्मग्रंथाच्या वळणात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मराठीत एवढी नेमकी वाङ्मयीन चाल मला दुसरी आढळलेली नाही. वाङ्मयेतिहासात तिची गणना प्रचारसाहित्यात होते. प्रचार आहेच, पण रूप आणि आशय यांची अशी गाठ मारणे हे कारागिराचे काम आहे.

एक गोष्ट मात्र या ग्रंथाच्या बाजूने उभे राहूनही म्हणायला हवी. लेखकाचे स्वतःचे आडनाव तितकेच वतनी होते. पाटलाचा जुलूम, विशेषतः महारांवरचा आणि बलुतेदारांवरचा, कागदावर कमी उमटला, कारण तो लेखणीने होत नव्हता. कुलकर्ण्याने आपल्या अन्यायाचा पुरावा स्वतःच्या हाताने लिहून ठेवला, पाटलाने ठेवला नाही.

पाच वर्षांनी, १९१८ साली, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. त्याआधीच्याच वर्षी त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला होता. या दोन गोष्टी वेगळ्या वाचता कामा नयेत. गावात लिहिता येणारी चार पोरे तयार झाल्याशिवाय पिढीजात लेखनिक हटत नाही, हे महाराजांना पक्के कळलेले होते. तलाठ्याच्या कामाचे शिक्षण देण्याची सोय झाली आणि महार तरुणही तलाठी म्हणून नेमले गेले. ज्याच्या बापाने दप्तराचे ओझे डोक्यावरून कचेरीत पोचवले असेल, त्याच्या मुलाने ते दप्तर उघडून त्यात लिहायचे! कुलकर्ण्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, पुण्याच्या वर्तमानपत्रांतून महाराजांवर टीका झाली. वडिलोपार्जित मालमत्ता काढून घेतली हा त्यांचा मुद्दा होता. कायद्याच्या भाषेत त्यात तथ्य होते. वतन ही मालमत्ताच होती. महाराजांचे म्हणणे, सरकारी काम ही कोणाची मालमत्ता असू शकत नाही. शंभर वर्षांनंतर या वादात बाजू घेणे सोपे आहे आणि मी ती घेतो. महाराज बरोबर होते.

उरलेला प्रवास कायद्यांचा आहे. मुंबई राज्याने १९५०च्या कायद्याने परगणे आणि कुलकर्णी वतने रद्द केली. कर्नाटकात गावकामगारांची वतने १९६१च्या कायद्याने गेली. महाराष्ट्रात महसुली पाटलाचे पद जायला १९६२चा कायदा यावा लागला. कुलकर्णी आधी आणि पाटील बारा वर्षांनी, या क्रमात त्या काळच्या महाराष्ट्राची सत्ता कोणाकडे सरकली होती ते स्वच्छ दिसते.

पण वतन कायद्याने जाण्याआधीच अनेक कुलकर्णी गाव सोडून गेले होते. मुले शिकून शहरांत नोकऱ्यांना लागली होती. लिहिण्याचे कौशल्य रेल्वेत, शाळेत, टपाल खात्यात, कोर्टात चालत होते. १९४८ साली गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, तेव्हा कित्येकांचे उरलेसुरले पायही निघाले. त्या जाळपोळीचे समर्थन मुकुंदरावांच्या ओव्यांतून कोणी काढू पाहील तर ते त्या ओव्यांचे चुकीचे वाचन होईल. नंतरच्या कूळकायद्याने कसणाऱ्याकडे जमीन गेली. शहरात आलेल्यांकडे गावातले उरले ते फक्त आडनाव.

आज पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीत नावांच्या फलकावर ते सापडेल, बेंगळुरूत सापडेल, कॅलिफोर्नियात सापडेल. बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याला १९२३ साली जन्मलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडमध्ये इंग्रजी शिकवत मराठी कथा लिहीत राहिले. खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी १९५६ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मले, वाढले हुबळीत. १९८२ साली डोनाल्ड बॅकर यांच्यासोबत पहिला मिलिसेकंद पल्सार शोधणाऱ्यांत ते होते, आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये प्राध्यापक झाले. त्यांची बहीण सुधा मूर्ती माहेरच्या कुलकर्णीच. कुरुंदवाड, एकसंबा, हुबळी, धारवाड: मराठी आणि कानडी जिथे एकाच ओसरीवर बोलल्या जातात, तो हा जुन्या दप्तरांचा पट्टा.

‘तलाटी’ हे गुजरातेत आडनाव झाले, कारण तिथे हे पद जुने. महाराष्ट्रात ते आडनाव होण्याइतके कोणाच्या घरात राहिलेच नाही. २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या साडेचार हजारांहून अधिक जागा निघाल्या आणि त्यांच्यासाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा संगणकावर, निवड गुणांवर आणि आरक्षणाच्या नियमांवर, बदली सरकारच्या मर्जीवर.