खिडकीचा उंबरा

उत्तरायणाला, म्हणजे आपल्या मकरसंक्रांतीला, सुरतेचे आकाश पतंगांनी भरून जाते. ज्या मुलांना गच्चीवर जागा मिळत नाही ती खिडकीत चढतात. खिडकीच्या तळाच्या आडव्या लाकडावर पाय रोवून, गजांना धरून, बाहेर वाकून पाहतात. ते लाकूड आतून कुजलेले असेल, तर त्यात बसविलेले गज हातात यावयास कितीसा वेळ लागणार? दाराला जसा उंबरा असतो, तसाच हा खिडकीचा उंबरा. आज त्याचीच विचारपूस करू या.

सुरतेच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया भागात खाडीच्या पाण्याचा उपद्रव जुनाच आहे. २०२५ च्या जूनमध्येही तेथील सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. अशा ठिकाणी लाकूड कुजले की दोष पुराला किंवा लाकडाच्या वयाला दिला जातो. परंतु वयामुळे लाकूड कुजत नाही. त्याला कुजविते ती बुरशी, आणि लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढू शकत नाही. पुराचे पाणी ओसरते आणि लाकूड पुन्हा वाळते. त्याहून घातक ते रोजचे थेंबथेंब पाणी : कूलरचे, कुंड्यांचे, किंवा उंबरा आतल्या बाजूस कलल्यामुळे साचणारे पावसाचे. म्हणून दुरुस्तीपूर्वी पाणी कोठून येते ते शोधावे. ती वाट बंद केल्यावाचून केलेला खर्च व्यर्थ होय.

परीक्षा सोपी आहे. दाभण घेऊन उंबऱ्याचे दोन्ही कोपरे आणि गजांची मुळे टोचून पाहावी. रंग वरून शाबूत दिसतो, पण दाभण सहज आत शिरले, तर लाकूड कुजले असे समजावे. आत मातीच्या नळ्या आढळल्या तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

कुज वरवरची असेल व कोपऱ्यांतील सांधे घट्ट असतील, तर ठिगळ लावून भागते. पटाशीने टणक लाकूड लागेपर्यंत सारा भुसा काढावा आणि लाकूड पुरते वाळू द्यावे. हे काम दिवाळीनंतर करावे, पावसाळ्यात नव्हे. मग त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा, रेषा त्याच दिशेने ठेवून, पाण्याला दाद न देणाऱ्या इपॉक्सीने बसवावा. मोठे भगदाड नुसत्या लांबीने बुजवू नये. ती तडकते, आणि फटीतून शिरलेले पाणी रंगाखाली कोंडून राहते.

सांधे किंवा गजांची मुळेच कुजली असतील, तर मात्र उंबरा बदलावा. हे सुताराचे काम. नवे लाकूड सागाच्या गाभ्याचे घ्यावे; कडेचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी लवकर कुजते. उंबऱ्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. पुढे आलेल्या कडेखाली लांबीभर एक बारीक खाच पाडावी, म्हणजे पागोळी तेथेच तुटून खाली पडते आणि पाणी भिंतीकडे वळत नाही. बसविण्यापूर्वी सहाही बाजूंना रंगाचा हात द्यावा. कापलेल्या टोकांना तर दोनदा द्यावा, कारण लाकूड सर्वांत अधिक पाणी टोकांतूनच पिते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांस वाटेल की हा घरमालकाचा प्रश्न. खर्च त्याचा असेलही. पण खिडकीत उभे राहणारे मूल आपले असते. सांधा हलत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत मुलांना त्या खिडकीपासून दूर ठेवावे आणि घरमालकाला लेखी कळवावे.

एका दाभणाने आणि पाच मिनिटांत होणारी ही तपासणी आहे. पावसाळा सरल्यावर एकदा आणि संक्रांतीपूर्वी एकदा ती करावी. मग पतंग खुशाल पाहावेत.